पांढऱ्या उंदरांची जोपासना

श्रीवर्धनच्या वाड्यांत कोवळे नारळ कुरतडणारा उंदीर आपणांस शत्रु वाटतो. परंतु पाळलेला पांढरा उंदीर सर्वस्वीं आपल्यावर अवलंबून असतो. त्याचे पुढील दांत जन्मभर वाढतात. म्हणून त्यास करवंटीचा तुकडा कुरतडावयास द्यावा. धान्य व स्वच्छ पाणी नित्य द्यावें. अंथरलेले कागदाचे कपटे वरचेवर बदलावे. दोन माद्या एकत्र सुखानें राहतात. नर सोबत ठेवल्यास सुमारें ३ आठवड्यांत पिलें होतात. वाडींतील उंदरांच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु पसरतात. यास्तव ते पोहोंचणार नाहींत अशा जागीं पिंजरा ठेवावा आणि तो हाताळल्यावर हात साबणानें धुवावे. या प्राण्याचें आयुष्य सुमारें २ वर्षांचें. परीक्षेच्या दिवसांतही त्याची निगा राखण्याची तयारी नसेल, तर त्यास घरीं आणूंच नये.