कुपी आणि सिरिंज

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगत बेळ्ळंदूर हे उपनगर आहे. एकेकाळी ते तळ्याकाठचे खेडे होते. संगणक-उद्योग आल्यावर देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे येथे राहू लागली. साहजिकच अशा वस्तीतील रुग्णालयात कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी अशा अनेक भाषा कानी पडतात. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीला औषधांबरोबर या भाषांचेही भान ठेवावे लागते.

समजा, साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या एक मधुमेही आजी येथे दाखल झाल्या आहेत. त्यांना कन्नड येत नाही. 'तुम्ही अमुकच ना?' असे विचारले, तर काही न समजताही त्या भिडेने मान डोलावतील. म्हणून 'निम्म हेसरेनु?', 'तुमचे नाव काय?' असे विचारून नाव रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यावे लागते. भाषा अडलीच, तर मराठी जाणणाऱ्या सहकाऱ्याला बोलवावे. मिळालेले उत्तर मनगटावरील पट्टीशी व केसपेपरशी ताडून पाहतात. केवळ खाटेच्या क्रमांकावर विसंबता येत नाही, कारण खाटा बदलतात.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ हे पाच नियम प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतात. मात्र गर्दीच्या पाळीत ते हातून घडणे निराळे. औषधांतील चुकांनी होणारी हानी इतकी मोठी आहे की, जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली गंभीर व टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली.

आजींना इन्सुलिनची २० एकके द्यावयाची आहेत. भारतात इन्सुलिनच्या काही कुप्यांत एका मिलिलिटरला ४० एकके असतात, तर काहींत १००. त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या असतात. सामान्यतः ४० च्या सिरिंजचे टोपण लाल व १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. घाईत हे दोन रंग सारखेच भासतात! १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली, तर '२०' या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर औषध भरते. त्यात ५० एकके असतात, म्हणजे अडीचपट मात्रा. रक्तातील साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, भ्रम आणि वेळीच उपाय न झाल्यास बेशुद्धी व मृत्यूही ओढवतो. रात्री रुग्ण झोपेत असेल, तर ही लक्षणे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. उलट गाठ पडली, तर केवळ ८ एकके मिळतात व साखर चढीच राहते.

लेखनातील निष्काळजीपणाही असाच घातक ठरतो. 'युनिट' या शब्दाऐवजी केवळ इंग्रजी 'यू' लिहिला, तर तो शून्यासारखा दिसून १० चे १०० होतात. म्हणून पूर्ण शब्द लिहावयाचा. अक्षर लागत नसेल, तर अंदाज न बांधता डॉक्टरांना विचारावे. शिकाऊ विद्यार्थिनीला याचा संकोच वाटतो, तो अनाठायी आहे.

इन्सुलिन भरल्यावर दुसरी परिचारिका कुपी, सिरिंज व आदेश स्वतंत्रपणे पाहते. पहिलीने आकडा आधीच सांगून टाकला, तर दुसरीची तपासणी नावापुरतीच उरते. नोंद मात्र औषध टोचल्यानंतरच करतात. आधी नोंद केली आणि रुग्णाने औषध नाकारले, तर पुढच्या पाळीतील परिचारिकेला ते दिल्याचेच वाटेल.

पाठगत प्रश्न
१०० एककांच्या कुपीतील इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १२ या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात किती एकके दिली जातील?