स्प्रिंगविना मिटणारी झडप

प्रश्न : डुकाटीच्या मोटरसायकलींतील ‘डेस्मो’ व्यवस्था म्हणजे काय, आणि आज तिची गरज उरली आहे का?

उत्तर : सर्वसाधारण चार-स्ट्रोक इंजिनात झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडण्याचे काम कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरील उंचवटा, करतो आणि ती मिटवण्याचे काम स्प्रिंग करते, परंतु इंजिनाच्या फेऱ्या फार वाढल्या की स्प्रिंग मागे पडते, झडप क्षणभर अधांतरी राहते आणि प्रसंगी पिस्टनवर आदळते. बोलोन्याच्या या कंपनीचे अभियंते फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये १२५ सीसीच्या शर्यतीच्या गाडीत झडप मिटवण्यासाठीही स्वतंत्र कॅम योजला. कल्पना मुळात त्यांची नव्हे, कारण १९५४ च्या मर्सिडीजच्या शर्यतीच्या मोटारीतही ती होती. मात्र १९६८ पासून ती रस्त्यावरील मोटरसायकलींत आणून टिकवली ती डुकाटीनेच. १९७२ मध्ये पॉल स्मार्ट यांनी इमोलाची २०० मैलांची शर्यत अशाच ७५० सीसीच्या गाडीवर जिंकली आणि परस्परांशी ९० अंशांचा कोन करणाऱ्या दोन सिलिंडरांचे ते इंजिन कंपनीची ओळख बनले.

स्प्रिंगचे पोलाद सुधारल्यामुळे रस्त्यावरील गाडीसाठी ही व्यवस्था आज अपरिहार्य नाही. तिचे आकर्षण बरेचसे अभियांत्रिकी हट्टाचे आहे, आणि तो हट्ट देखणा आहे हेही खरे. लांब पल्ल्याच्या मल्टिस्ट्राडा व्ही-४ मध्ये कंपनीनेच स्प्रिंग स्वीकारल्या, त्यामुळे झडपांची तपासणी ६०,००० किलोमीटरांवर गेली. पानिगाले व्ही-४ मध्ये मात्र डेस्मो कायम असून, प्रत्येक झडपेची उघडण्याची व मिटण्याची अशी दोन्ही अंतरे जुळवावी लागत असल्याने तिची देखभाल वेळखाऊ व महाग ठरते.