उंच बांधा व नाजूक धमनी

कित्येक कुळांत एखादें माणूस इतरांहून पुष्कळ उंच, सडपातळ व लांबलचक बोटांचें असें निपजतें. घरचे कौतुकानें म्हणतात, "आजोबांच्या वळणावर गेलें." बहुधा तें खरेंच असतें, व त्यांत भिण्याजोगें कांहीं नसतें. परंतु क्वचित् त्या बांध्याआड एक वंशपरंपरेनें येणारा विकार दडलेला असतो.

१९८६ सालच्या जानेवारींत जपानांतील मात्सुए शहरीं व्हॉलीबॉलचा सामना चालला असतां फ्लो हायमन नांवाची अमेरिकन खेळाडू मैदानाबाहेर बांकावर बसली होती, ती तेथेंच कोसळून मरण पावली. तिचें वय ३१, उंची सहा फूट पांच इंच. १९८४ च्या ऑलिंपिकमध्यें तिच्या संघानें रौप्यपदक मिळविलें होतें. प्रथम सर्वांस हृदयविकाराचा झटका वाटला. शवविच्छेदनांत मात्र दिसलें कीं, हृदयापासून सर्व देहास रक्त नेणारी जी महाधमनी, तिची भिंत फाटली होती. मूळ कारण मार्फानचा विकार. तो तिला जन्मापासून होता, आणि कोणासही त्याची वार्ता नव्हती.

पॅरिसचे वैद्य आंत्वान मार्फान ह्यांनीं १८९६ सालीं अशा बांध्याच्या एका पांच वर्षांच्या मुलीचें वर्णन केलें, म्हणून हें नांव पडलें. दोष कोठें आहे तें १९९१ सालीं कळलें. आपले अवयव बांधून धरणाऱ्या तंतूंत फायब्रिलिन नांवाचें एक प्रथिन असतें. तें घडविणारें जनुकच सदोष असतें. बाजेची सुंभ कच्ची असली तरी बाज दिसावयास धड दिसते, पण रोज भार पडून तिला झोळ येतो. महाधमनीचें तसेंच होतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती किंचित् ताणली जाते, वर्षानुवर्षें रुंदावते, आणि दुखत मात्र नाहीं. डोळ्यांतील भिंग सरकणें, पाठीचा कणा वांकणें, छाती आंत दबणें किंवा पुढें येणें हीं तिच्याहून उघड लक्षणें होत.

सुमारें पांच हजारांत एकास हा विकार असतो. आई किंवा बाप ह्यांपैकीं एकास असला तर प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याचा संभव निम्मा. सुमारें चतुर्थांश रोग्यांच्या आईबापांत तो मुळींच नसतो. दोष नव्यानेंच उद्भवतो. तेव्हां सुनेच्या कुशीस बोल लावण्याची आपली चाल येथें निव्वळ अन्यायाची आहे.

हा विकार समूळ बरा होत नाहीं. परंतु ध्वनिलहरींच्या साह्यानें, ज्यास इको म्हणतात त्या तपासणींत, धमनी किती रुंदावली तें वेदनेवांचून मोजतां येतें. रक्ताचा जोर कमी करणाऱ्या गोळ्यांनीं ती मंद गतीनें रुंदावते. फार फुगल्यास फाटण्यापूर्वींच तो भाग काढून कृत्रिम नळी बसवितात. जड ओझें उचलणें व चुरशीचे खेळ वर्ज्य सांगतात, आणि स्त्रीनें गरोदर राहण्यापूर्वींच वैद्याचा सल्ला घेणें अगत्याचें असतें.

हायमनच्या मृत्यूनंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच विकार निघाला. वेळींच शस्त्रक्रिया झाली व तो वांचला.