देवगडच्या हवेत जुनी रेड वाइन

बाटलीत मुरलेली रेड वाइन उघडण्याचा आनंद तिच्या वयापेक्षा ती वर्षे तिने कोणत्या गारव्यात काढली यावर अवलंबून असतो, आणि देवगडसारख्या किनारी गावात हा गारवा आपोआप मिळत नाही, हे जपून ठेवलेली बाटली बेचव निघते तेव्हाच बहुतेक घरांत ध्यानात येते.

द्राक्षाच्या सालीतून व बियांतून वाइनमध्ये उतरणाऱ्या तुरट द्रव्यांना टॅनिन म्हणतात. बाटलीत ही द्रव्ये आणि सालीतील रंगद्रव्ये सावकाश एकमेकांशी जोडली जातात, त्यांतील काही गाळ होऊन तळाशी बसतात, तुरटपणा निवतो, जांभळट रंग विटकरी होतो आणि ताज्या फळाच्या वासाची जागा सुके अंजीर, चामडे, तंबाखू यांच्या वासाने घेतली जाते. या बदलासाठी 12 ते 14 अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान योग्य मानले जाते. उष्णतेत तो नुसता लवकर होत नाही, तर वेगळाच होतो. कार्बाइडने पिकवलेला हापूस वरून पिवळा दिसला तरी अढीत पिकलेल्या आंब्याचा स्वाद त्याला येत नाही, तसे तापलेल्या वाइनला वय आल्यासारखे दिसते, पण वास शिजलेल्या फळाचा येतो.

म्हणून कौलाखालचा माळा, चुलीजवळची फळी आणि फ्रिजच्या माथ्यावरची जागा या तिन्ही वर्ज्य समजाव्यात. जांभ्याच्या जाड भिंतींचे अंधारे माजघर त्यांहून बरे, तरी उन्हाळ्यात तेही पुरेसे गार नसते. शिवाय तापमानाच्या चढउताराने द्रव फुगतो व आकसतो, बूच ढिले पडते आणि आत हवा शिरते. किनाऱ्यावरील दमट हवेचा मात्र फारसा धसका घेऊ नये, कारण तिने लेबलाला बुरशी येते, बुचाला इजा होत नाही. नैसर्गिक बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाला ती गरज नाही. वाइनसाठी खास शीतकपाट घेतले तरी पावसाळ्यात वीज किती वेळ जाते याचा विचार आधी करावा. ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी बाटली वर्षानुवर्षे राखण्याचा हट्ट सोडून ती लवकर उघडावी, हेच प्रामाणिक मत आहे.

मुळात प्रत्येक रेड वाइन मुरण्यासाठी नसते. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यानंतर नाशिक परिसरात वाइनचा धंदा वाढला, पण तिथल्या बऱ्याच रेड वाइन काही वर्षांतच पिण्याजोग्या केलेल्या असतात. ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेल्या, भरपूर टॅनिन आणि आंबटपणा असलेल्या निवडक वाइनच पुढे टिकतात. गोव्यातून बाटली आणण्याचा मोह सिंधुदुर्गात नेहमीचा आहे. परवान्याशिवाय ती राज्यात आणणे गुन्हा ठरते आणि इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते, हे तर आहेच, पण मे महिन्यात बंद गाडीत काढलेली एक दुपारही तिला बाधते.

चांगली राखलेली बाटली हाती आली तर ती आदल्या दिवशीच उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी जातो. जुने बूच भुसभुशीत असते, म्हणून स्क्रू सरळ, मध्यातून आणि सावकाश फिरवावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचातील रसायनाचा असतो आणि हवा लागल्याने तो जात नाही. निरोगी वाइन मागे दिवा धरून एका दमात दुसऱ्या भांड्यात ओतावी व बाटलीच्या खांद्यापाशी गाळाची रेघ दिसताच थांबावे. ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांचा आहे. देवगडात ती फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवून 16 ते 18 अंशांवर आणावी. तरुण वाइनला हवा मानवते, पण फार जुनीचा सुगंध हवेत पाहता पाहता उडतो.

बांगड्याचे तिखले किंवा मालवणी मसाल्याचे मटण सोबत ठेवू नये, कारण तिखटात हे नाजूक वास बुडतात आणि वाइनमधील लोहामुळे तेलकट मासळीचा हिवसपणा वाढतो. बिनमसाल्याचे भाजलेले काजू पुरेत. उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी तशी राहत नसल्याने 750 मिलिलिटरच्या बाटलीला चार-पाच जण तरी बोलवावेत, आणि ते जमल्यावरच बूच काढावे.