आजारी बॅकस

देव आजारी पडतो का? रोमच्या बोर्गेझे गॅलरीतलं एक चित्र म्हणतं, पडतो! आकार जेमतेम ६७ बाय ५३ सेंटिमीटर. त्यात आहे बॅकस, रोमन लोकांचा वाइनचा देव. डोक्यावर आयव्हीची पानं, हातात द्राक्षांचा घड. पण चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळट-हिरवा, ओठ राखाडी.

हा चेहरा चित्रकार कॅराव्हाजिओचा स्वतःचा आहे. जन्म १५७१, चित्र साधारण १५९३चं. म्हणजे वय आपल्या फायनल इयरवाल्यांएवढं. रोममध्ये नवखा, खिसा रिकामा, मॉडेलला पैसे कुठून देणार? मग आरशात बघून स्वतःलाच रंगवलं. हे बाल्योनेने लिहून ठेवलंय, आणि तो काही त्याचा दोस्त नव्हता. १६०३ साली त्याने कॅराव्हाजिओवर बदनामीचा खटला भरला होता.

रोममधल्या त्या सुरुवातीच्या काळात कॅराव्हाजिओ हॉस्पिटलातही होता. मलेरिया की कावीळ, यावर डॉक्टर लोक अजून वाद घालतात. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतात ती टेबलावरची फळं. आर्पिनो नावाच्या बड्या चित्रकाराच्या वर्कशॉपमध्ये त्याला फुलं-फळं रंगवायचंच काम होतं. त्यामुळे पीच अगदी टवटवीत, आणि शेजारचा देव मात्र अंथरुणातून उठून आल्यासारखा! गाल थोडे गुलाबी करणं त्याला काय कठीण होतं? पण आरशात दिसलं तेच त्याने ठेवलं.

चित्र आर्पिनोकडेच राहिलं. १६०७ साली पोप पाचव्या पॉलने आर्पिनोची चित्रं जप्त केली आणि आपल्या भाच्याला, कार्डिनल शिपिओने बोर्गेझेला, देऊन टाकली.