विहिरीवरचा ऑटो स्विच

यंत्रात एकाच कामासाठी बसवलेला छोटा संगणक म्हणजे एम्बेडेड प्रणाली. अक्कलकोट तालुक्यात तिचे ओळखीचे रूप म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो स्विच. लाईट आली की तो तिन्ही फेज पाहतो, थोडा थांबतो आणि मोटार सुरू करतो.

यातले थांबणे महत्त्वाचे. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. एका डीपीवरच्या, म्हणजे एका रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर फ्यूज जातो. ऑटो स्विच वापरू नका, असे महावितरण सांगत असते ते याचसाठी.

प्रस्तुत लेखकाचा पहिला स्विच नेमका इथेच फसला. आर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डावर दहा मिनिटांचा थांबा १० × ६० × १००० मिलिसेकंद असा लिहिला होता. उनोत साधा पूर्णांक १६ बिटांचा, त्यात ३२,७६७ च्या पुढे काही मावत नाही. ६,००,००० चे उरले १०,१७६, म्हणजे दहा सेकंद! टेबलावर तपासताना थांबा पाचच सेकंदांचा ठेवलेला, त्यामुळे चूक विहिरीवर जाईपर्यंत दिसली नाही. पहिल्या आकड्याला ‘यूएल’ जोडले की हिशेब ३२ बिटांत होतो.

दुसरी अडचण विजेची. चिप रिलेला, रिले कॉन्टॅक्टरला आणि कॉन्टॅक्टर मोटारीला चालू-बंद करतो. कॉन्टॅक्टर सुटताना त्याच्या कॉइलमधून उलट झटका येतो, चिप रीसेट होते आणि रिले फडफडतो. कॉइलला समांतर रोध-धारित्राची जोडी लावावी. नुसता वॉचडॉग टायमर लावला तर बंद पडलेली चिप पुन्हा उठते, पण कारण झाकलेच राहते. रीसेटनंतर पिनांना काही क्षण कोणतीच आज्ञा नसते. तेवढा वेळ रिले बंदच राहील अशी जोडणी हवी.

हे सगळे शिकायचे तर एलईडी लुकलुकवणे एका संध्याकाळी जमते. रजिस्टर, इंटरप्ट आणि डेटाशीट वाचायला महिने लागतात. इंटेलची १९८० मधली ८०५१ चिप जुनाट म्हणून टाळली जाते; पण तिची १२८ बाइटची स्मृती काटकसर शिकवते, उनोची २ किलोबाइट तेवढी शिकवत नाही. मल्टिमीटर पहिल्या दिवसापासून हाती असावा. ऑसिलोस्कोप महाग, तरी कॉइलचा झटका त्याच्याशिवाय दिसत नाही.

चाचणी आधी मोटारीऐवजी दिवा लावून करावी, मग मोटार न जोडता नुसता कॉन्टॅक्टर शंभरदा चालू-बंद करून, खरा थांबा ठेवून. मोटारीची जोडणी शेवटी, वायरमन सोबत असताना.