विश्वास वारशाने मिळत नाही

पालकहो,

रविवारच्या शाळेत तुमच्या मुलांशी भरपूर बोलणं होतं, पण तुमच्याशी बोलायचं राहूनच जातं. उपासना संपली की कुणाला कारखान्यातली पाळी गाठायची असते, कुणाला उसाला पाणी द्यायचं असतं. गळीत हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरात कुणालाच उसंत नसते आणि नाताळ नेमका त्यातच येतो. म्हणून हे चार शब्द लिहून पाठवते.

तुमच्यातले बरेच जण एकच काळजी बोलून दाखवतात. "ताई, पोरगं दहावीपर्यंत नेमाने येतं. नाशिकला, सुरतेला गेलं की चर्चचं नाव काढत नाही." मग उपाय म्हणून पाठांतर वाढतं, धाक वाढतो. वचनं पाठ असावीतच. पण वचन मूल आमच्याकडून शिकतं आणि त्याचा अर्थ लावतं तुमच्या वागण्यातून.

तोडणीला टोळी येते, तेव्हाचं एक दृश्य आठवा. आत जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना होते. बाहेर तोडणीवाल्या बाईला चहा दिला जातो, तो गोठ्याच्या कुडाला अडकवून ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. तो कप घरातल्या भांड्यांत मिसळत नाही. कुणी काही बोलत नाही, पण पोरगं दोन्ही बघतं. सगळी माणसं देवाची लेकरं, हे आम्ही रविवारी शिकवतो. तो कप मात्र त्याला रोज वेगळंच शिकवतो.

या कपावरून लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घराण्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही सोवळंओवळं सांभाळत राहिल्या. अखेर जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे त्यांना स्वतःला पटलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनी काहीही न लपवता सांगितला आहे. त्यांच्या बदलाची सुरुवात कुणाच्या हातचं खायचं-प्यायचं, इथूनच झाली. आणि टिळकांसारख्या कवीला, उपदेशकाला आपला विश्वास बायकोच्या गळी उतरवता आला नाही; तिचा तिला पटेपर्यंत थांबावं लागलं. मग आपण पोरांच्या बाबतीत इतकी घाई का करतो?

दुसरा प्रश्न स्वतःच्या ओळखीचा. "आपण ख्रिस्ती, मग मी भिल्ल नाही का? पावरा नाही का?" असं मुलं विचारतात. होळी जवळ आली, सातपुड्यात ढोल घुमू लागले की हा प्रश्न हमखास येतो. होळीला पूजेत भाग घ्यायचा की नाही, हे तुम्ही आणि तुमचे पाळक बसून ठरवा. पण तेवढ्यासाठी आजीची बोली, तिची गाणी, मामाच्या गावचं गोत मुलाकडून हिसकावू नका. टिळकांनी धर्म बदलला, अभंग-ओवी सोडली नाही. मराठी मंडळ्या आजही त्यांची पदं गातात. फादर स्टीफन्स तर इंग्लंडातून आलेले, पण १६१६ साली छापलेलं त्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांतच आहे. येशूचं व्हायला आपल्या माणसांतून उठून जावं लागत नाही, हे मुलाला घरातच उमगलं पाहिजे. नाहीतर शाळेत कुणी "तुमचा धर्म बाहेरचा" म्हणून डिवचलं, की ते गोंधळून तरी जातं, नाहीतर स्वतःचीच लाज बाळगू लागतं.

तिसरं, मुलांच्या शंकांना घाबरू नका. "प्रार्थना केली तरी बाबांचं दुखणं का बरं झालं नाही?" असं लेकीने विचारलं, तर "असं विचारू नये" म्हणून तोंड बंद करू नका. "मलाही कळत नाही, पण मी प्रार्थना सोडलेली नाही," एवढं खरं उत्तर तिला पुरतं. दटावलेलं मूल घरात गप्प बसतं आणि बाहेर गेल्यावर मोकळं होतं. तुमची काळजी मुळात हीच आहे ना?

शेवटी पुन्हा वागण्याकडे येते. बायबलमधल्या, उंबरावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट मुलांना फार आवडते. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो उठून म्हणाला की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्याच्या विश्वासाची पहिली खूण हिशेबात दिसली. आपल्याकडेही हिशेब असतातच: मजुरी, उचल, भावाभावांतला बांध.

या नाताळाला नव्या कपड्यांची यादी करताना मुलांना शेजारी बसवा आणि विचारा, "आपण ख्रिस्ती आहोत, हे शेजाऱ्याला आपल्या कुठल्या वागण्यावरून कळत असेल?" उत्तर झोंबलं तरी त्यांना अडवू नका. त्यातली एखादी गोष्ट लगेच बदला, आणि का बदलली तेही त्यांना सांगा.